टँकरची बातमी कशी करावी

उन्हाळ्यात आमच्या माणदेशात टँकर ही रोजचीच बातमी, आणि रोजची म्हणूनच ती बहुतेक वेळा नीट होत नाही. ‘अमुक गावात भीषण पाणीटंचाई, ग्रामस्थ हैराण’ एवढं लिहायचं, शेजारी हंडेवाल्या बायकांचा फोटो लावायचा, झालं. पहिली चार वर्षं मीही अशाच बातम्या दिल्या. एका जिल्हा दैनिकाची तालुका वार्ताहर म्हणून आता चोवीस वर्षं झाली. यंदा आमच्याकडे नव्याने काम सुरू केलेल्या तिघांनी विचारलं, ‘ताई, टँकरच्या बातमीत नेमकं करायचं काय?’ त्यांना दोन संध्याकाळी जे सांगितलं ते इथे लिहून काढते आहे. दर ६ जानेवारीला ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वृत्तपत्र आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांच्या आठवणीत तालुक्याला वृत्तपत्रस्वातंत्र्यावर भाषणं होतात. ती ऐकावीत. पण हे स्वातंत्र्य वापरायचं कसं, हे मी सार्वजनिक विहिरीवर बसून शिकले.

आधी एक गोष्ट, कारण ती माहीत नसेल तर या कामाचं मोल कळत नाही. माझ्या आईने बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली. दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी खाल्ली, मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. हाल फार झाले, पण माणसं जगली. मोर्चे, विधानसभेतले प्रश्न आणि वर्तमानपत्रं यांनी सरकारला स्वस्थ बसू दिलं नाही. त्याआधी तीस वर्षं, १९४३ साली, बंगालात लाखो माणसं अन्नावाचून मेली. सरकार तिथे दुष्काळ जाहीरच करत नव्हतं आणि युद्धाचं कारण सांगून बातम्या दाबल्या जात होत्या. ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स यांनी रस्त्यावर मरणाऱ्या माणसांचे फोटो छापले, तेव्हा कुठे जगाला कळलं. अमर्त्य सेन यांनी पुढे हेच मांडलं: जिथे निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात, त्या स्वतंत्र देशात मोठा दुष्काळबळी होत नाही, कारण वरच्यांना खालचं कळतं आणि कळूनही गप्प बसणं त्यांना परवडत नाही. हे ‘खालचं वर कळवणं’ तालुक्याच्या वार्ताहराच्या हातात असतं. म्हणून ते अंदाजाने करू नये.

आदेश वाचा, मग गावात जा

टँकर कुणाच्या कृपेने येत नाही, आदेशाने येतो. ग्रामपंचायत ठराव करते, तो पंचायत समितीकडे जातो, तहसील आणि पंचायत समिती मिळून गावात पाहणी करतात आणि मग मंजुरी मिळते. मंजुरीचे अधिकार कधी जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, कधी प्रांताधिकाऱ्यांकडे दिलेले असतात. त्या वर्षी कुणाकडे आहेत ते आधी विचारा, कारण नाहीतर तुम्ही जाब भलत्याच माणसाला विचाराल. आदेशात चार गोष्टी शोधा: कुठली गावं आणि कुठल्या वाड्या धरल्यात, लोकसंख्या किती धरलीय, फेऱ्या किती, आणि टँकर भरायचा कुठे. या भरायच्या जागेला दप्तरात ‘उद्भव’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. उद्भवावरची वीज गेली की चार गावांचं पाणी जातं, आणि ती बातमी गावात बसून कधीच कळत नाही.

मग वहीत साधा हिशेब मांडा. टंचाईत ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला २० लिटर धरतात. समजा गावची लोकसंख्या १,८०० आहे. म्हणजे रोज ३६,००० लिटर. टँकर १२,००० लिटरचा असेल तर तीन फेऱ्या. प्रत्यक्षात एकच फेरी झाली तर माणशी पावणेसात लिटरही पडत नाही. शहरात एकदा फ्लश ओढला की साधारण एवढं पाणी जातं. जलजीवन मिशनच्या नळाचं माप माणशी ५५ लिटर आहे, तेही शेजारी लिहून ठेवा. बातमीत ‘भीषण’ हा शब्द घालण्यापेक्षा हे तीन आकडे एकाखाली एक द्या. जनावरांचं पाणी आदेशात वेगळं धरलंय का तेही बघा. आमच्याकडे बऱ्याच घरांचं पोट शेळ्यांवर चालतं, आणि माणसांच्या हंड्यातलंच पाणी शेळ्यांना जातं.

विहिरीवर बसा

एक दिवस जाऊन चालत नाही. त्या दिवशी टँकर बिघडलेला असू शकतो, किंवा वार्ताहर आलाय म्हणून चौथी फेरीही होऊ शकते. सलग चार दिवस बसा, त्यात एक आठवडी बाजाराचा दिवस आणि एक रविवार येईल असं बघा. पहाटे पाचला जा. वहीत लिहायचं ते एवढंच: टँकरचा नंबर, आल्याची वेळ, रिकामा होऊन निघाल्याची वेळ, पाणी विहिरीत सोडलं की टाकीत. प्रत्येक फेरीचा एक फोटो, नंबरप्लेट आणि मागची विहीर एकाच चौकटीत येईल असा.

बायकांना ‘पाणी मिळतं का?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘कुठलं पाणी अन् कुठलं काय.’ ते खरं असतं, पण छापता येत नाही. ‘काल टँकर किती वाजता आला? तुम्ही किती हंडे नेले? घरात माणसं किती?’ असं विचारा. उत्तरं लगेच मिळतात, कारण हे आकडे बायकांना तोंडपाठ असतात. एका आजींनी मला मागच्या नऊ दिवसांचे हंडे बोटांवर मोजून सांगितले होते. नंतर मी पंचायत समितीतली नोंदवही पाहिली. चुकीची निघाली ती वही.

मग गावाच्या शेवटच्या घरापर्यंत चालत जा. ही पायरी वगळू नका. विहीर गावठाणात असते आणि आदेशात वाड्यावस्त्यांची नावं असतात, पण टँकर पुष्कळदा गावठाणातच रिकामा होतो. दलित वस्ती, धनगरवाडा, ऊसतोडीहून परतलेल्यांच्या झोपड्या, मळ्यातली दोन घरं, सगळीकडे तेच तीन प्रश्न विचारा. कोण आधी भरतं आणि कोण शेवटी, हे डोळ्यांनी बघा. याविषयी कुणी तोंडाने बोलत नाही. विहिरीवर तासभर बसलं की आपोआप दिसतं.

फोटोचंही सांगते. विहिरीत उतरलेल्या बाईचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर काढू नका. पाणी भरताना पाय घसरून कुणाचं मूल गेलं असेल तर त्या घरी कॅमेरा बाहेर ठेवून जा. बातमी दुसऱ्या दिवशी दिली तरी चालते.

ड्रायव्हरशी बोला

बहुतेक जण ड्रायव्हरला चोर ठरवून मोकळे होतात. तो पगारी माणूस असतो, तोही बहुधा ठेकेदाराच्या हाताखालच्या कुणाचा. उद्भवावर रांग किती लागते, डिझेल किती मिळतं, सही कुणाची आणि कधी घेतली जाते, हे त्याला माहीत असतं. चहा प्यायला बसा. पहिल्या दिवशी काही विचारू नका. तो जे सांगेल ते कागदाशी ताडून बघा. त्याचं नाव बातमीत येणार नाही हे त्याला सांगा आणि शब्द पाळा. अधिकारी, ठेकेदार, तुमचा स्वतःचा संपादक, कुणीही विचारलं तरी नाही.

दप्तरात काय मागायचं

आता पंचायत समितीत जा. फेऱ्यांची नोंदवही, टँकरवरच्या जीपीएसचा अहवाल आणि ठेकेदाराची देयकं, ही तीन कागदपत्रं पाहायची. महाराष्ट्रात २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख, म्हणजे दप्तरातली कागदपत्रं, पाहता येतात. पुष्कळ ठिकाणी सांगतात, ‘असं काही नाही.’ वाद घालू नका. शासन निर्णयाची छापील प्रत पिशवीत ठेवा आणि टेबलावर ठेवा. माझ्या प्रतीच्या घड्या आता फाटल्यात, पण तिच्यावर काम अजून होतं.

नाहीच दाखवलं तर माहितीचा अधिकार. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आपल्या राज्याचे नियम तसे आहेत. ‘टँकरबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत की अर्ज गेलाच समजा. ‘अमुक गावासाठी १ एप्रिल ते ३० एप्रिल या काळातल्या टँकर फेऱ्यांच्या नोंदवहीच्या छायाप्रती’ असं लिहा. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांची, पण त्यासाठी अर्जात तसं कारण स्पष्ट लिहावं लागतं. उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, स्टॅम्प वीस रुपयांचा. उन्हाळा तोवर संपतो हे खरं. तरीही अर्ज करा, कारण पुढच्या उन्हाळ्यात त्याच ठेकेदाराचं नाव आदेशात आलं की तुमच्याकडे मागच्या वर्षीचा कागद असतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्या राज्यघटनेत ‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ असा शब्दच नाही. कलम १९ मध्ये प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, आणि त्यातच वर्तमानपत्रं आली, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५० पासून सांगितलंय. म्हणजे विहिरीवरच्या आजींना जो हक्क आहे तोच मला आहे, तसूभरही जास्त नाही. त्यामुळे मी अर्ज कसा लिहायचा हे गावातल्या पोरींनाही शिकवते. आता दोन गावांत त्या माझ्याआधी अर्ज टाकतात.

दुसरी बाजू, आणि शब्द

ज्याच्याविषयी लिहिताय त्याला प्रश्न लेखी पाठवा. व्हॉट्सअॅप चालेल, पण वेळ दिसली पाहिजे. उत्तराला किमान एक पूर्ण दिवस द्या. उत्तर आलं तर त्याचा गाभा न कापता छापा. नाही आलं तर ‘अमुक तारखेला अमुक वाजता प्रश्न पाठवले, बातमी छापायला जाईपर्यंत उत्तर आलं नाही’ असं लिहा. ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य एकदा फोन लावून लिहू नका.

मथळ्यात ‘घोटाळा’ लिहायचा मोह होतो. लिहू नका. घोटाळा झाला की नाही हे ठरवायला चौकशी आहे, कोर्ट आहे. तुम्ही जे पाहिलं ते लिहा: ‘नोंद तीन फेऱ्यांची, गावात आली एक’. हा मथळा जास्त टोचतो आणि कोर्टात टिकतो. बदनामी हा आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ आणि ५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. नवख्यांना वाटतं, खरं लिहिलं म्हणजे सुटलो. तसं नाही. फौजदारीत मजकूर खरा असणं आणि तो लोकहितासाठी असणं, दोन्ही दाखवावं लागतं. टँकरच्या बातमीत लोकहित उघड आहे. पण त्याच बातमीत ठेकेदाराच्या घरच्या भानगडी घातल्यात तर तो भाग तुम्हाला बुडवू शकतो. वही जपा, मूळ फोटो फोनमधून पुसू नका. कोर्टात फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते देणं सोपं जातं. यूट्यूबवर आणि पोर्टलवर काम करणाऱ्यांनाही हे सगळं तसंच्या तसं लागू आहे.

दाब येतो तो कुठून

आमदाराचा फोन येईल म्हणून नवखी मुलं घाबरतात. तो क्वचित येतो. जास्त येतो तो जाहिरातीचा दाब, आणि तो आतून येतो. तालुका वार्ताहराला पगार नसतो किंवा नावापुरता असतो. मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या पुरवण्या, निवडीच्या शुभेच्छा, दिवाळी अंक. ज्यांच्या कामांविषयी लिहायचं, त्यांच्याकडेच जाहिरात मागायला जायचं.

वार्ताहर म्हणून माझ्या पाचव्या वर्षी मी एका गावच्या फेऱ्या मोजून आणल्या. सगळी वही भरली होती. त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या पुढाऱ्याचा वाढदिवस होता आणि त्याच्या पुरवणीच्या जाहिराती मीच गोळा करत होते. कार्यालयातून कुणी काहीच म्हटलं नाही. मीच बातमी मागे ठेवली. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत त्या गावातल्या बायका दीड किलोमीटरवरच्या खासगी विहिरीवरून पाणी आणत होत्या आणि मला ते माहीत होतं. हे मी विसरले नाही आणि विसरायचंही नाही.

त्यानंतर मी एक नियम केला: ज्यांच्याकडे सरकारी काम आहे, त्यांची जाहिरात घ्यायची नाही. मिळकत निम्म्यावर आली. शिकवण्या घेतल्या, अजूनही घेते. सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणत नाही, घर चालवायचं असतं. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान एवढं करावं: जाहिरात गोळा करणारा आणि बातमी लिहिणारा माणूस वेगळा ठेवावा. दोन तालुक्यांतल्या वार्ताहरांनी आपसात कामं बदलून घेतली तरी होतं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात उमेदवारांना पैसे घेऊन बातम्यांची ‘पॅकेजं’ विकली गेली, हे सगळ्या देशाला कळलं आणि पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलने त्यावर अहवाल केला. त्याची सुरुवात अशाच शुभेच्छांच्या पुरवण्यांतून झाली, असं माझं मत आहे. पत्रकार परिषदेतली पाकिटं, दिवाळीच्या भेटी यांचंही तेच. नाही म्हणताना भाषण देऊ नका. ‘आमच्याकडे चालत नाही दादा, चहा मात्र घेते’ एवढं पुरतं.

पैशाच्या वाटेने वर्तमानपत्र दाबता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्यात, १९६१ साली, ओळखलं. किती किमतीला किती पानं द्यायची, जाहिरातींना किती जागा ठेवायची, हे सरकार ठरवणार होतं. छोट्या वर्तमानपत्रांचं भलं करायचं असं कारण होतं. ‘सकाळ’बरोबर दोन वाचकांनीही अर्ज केले होते, हे मला फार आवडतं. न्यायालयाने तो कायदा रद्द केला. या स्वातंत्र्यावर बंधन घालायची कारणं राज्यघटनेत मोजून दिली आहेत आणि ‘सर्वसामान्य लोकहित’ हे त्यांत नाही, असं सांगितलं. कुणी साहेब खुर्चीत मागे रेलून ‘ताई, विकासाच्या आड येऊ नका’ म्हणाले की मला हा निकाल आठवतो. विकासाच्या आड येणं हे कारण त्या यादीत नाही.

सगळ्यात अवघड दाब गावाचा असतो. बातमी आल्यावर सरपंचापेक्षा गावातली माणसं जास्त चिडतात: ‘गावाची बदनामी केली.’ पाणी नाही अशा गावात मुली द्यायला लोक तयार नसतात. पोरांची लग्नं अडलेली असतात. ज्या घरात तुम्ही चहा प्यालात, त्याच घरातली आई विचारते, ‘आता माझ्या पोराला कोण पोरगी देणार?’ यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी दोन गोष्टी करते. बातमीत ‘तहानलेलं गाव’ असलं विशेषण लावत नाही. दोष फेरीचा असेल तर फेरीचाच लिहिते. आणि पाणी आलं, तलाव भरला, नळ सुरू झाला की तेवढीच मोठी बातमी द्यायला परत जाते. न बोलावता जाते.

धमकी आली तर ती वहीत शब्दशः लिहा आणि त्याच दिवशी दोन माणसांना कळवा, त्यातला एक तालुक्याबाहेरचा असू द्या. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांनी लिहिलेली बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी छापून आली, दुपारी गाडीने त्यांना चिरडलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ते तालुक्याचेच वार्ताहर होते, आपल्यासारखे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१७ चा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि तपास पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. ठाण्यात तक्रार देताना या कायद्याचं नाव घ्या आणि फिर्यादीत ते लिहिलंय का ते वाचूनच सही करा.

छापून आल्यावर

सातव्या दिवशी परत विहिरीवर जा. बहुधा तीन फेऱ्या होत असतील. तेही मोजा आणि छापा. तिसाव्या दिवशी परत जा. तेव्हा बहुधा दोन झालेल्या असतात. १ मे ची ग्रामसभा उन्हाळ्यातच येते. तिथे जाऊन मागच्या बाकावर बसा आणि टँकरचा विषय कोण काढतं, कोण मध्येच थांबवतं ते लिहा. मी माझ्या वह्या वर्षाप्रमाणे बांधून ठेवल्यात, उन्हाळ्याच्या वेगळ्या. त्यांत ड्रायव्हरांची नावं कुठेही नाहीत. त्यांच्यासाठी मी झाडांची नावं वापरते, बाभूळ, बोर, हिवर, आणि कुठलं झाड म्हणजे कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही.